खाटेवरचे सहा आठवडे

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

देवगाव फाटा हे काही मुद्दाम जाऊन पाहावं असं ठिकाण नव्हे. परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, जिंतूरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्याला सेलूचा रस्ता जिथे येऊन मिळतो, तिथे चहाची हॉटेलं आहेत, पंक्चरची दुकानं आहेत आणि एसटीची वाट बघणारी माणसं आहेत. माझ्या आयुष्यातले कितीतरी तास या फाट्यावर उभं राहण्यात गेले. उभं राहून कंबर अवघडली की माणसं कुठेतरी टेकतात, आणि टेकली की बोलू लागतात. गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावर असेच एक मामा माझ्याशेजारी येऊन टेकले. साठीच्या घरातले. सदऱ्यावरून कंबरेला वीतभर रुंदीचा पट्टा आवळलेला आणि हातात एमआरआयच्या फिल्मची ती ओळखीची मोठी पिशवी.

"भाई, तुमी शिकलेले दिसता. ह्ये काय लिवलंय त्ये वाचून सांगा बरं."

मी बी. ए. आहे, तोही मराठीचा. इंग्रजीत कसाबसा पास झालो होतो. तरी वाचलं. ‘डिजनरेटिव्ह चेंजेस’, ‘डिफ्यूज डिस्क बल्ज’ असे शब्द होते. शब्द वाचता आले, अर्थ लागला नाही. मामांना तो आधीच सांगण्यात आला होता. "मनक्यात गॅप हाय म्हन्ले. नस दबली. आपरेशन करा, नायतर पाय जातील." पैशासाठी रान गहाण टाकायचं ठरत होतं. एक एकर. पेरणी तोंडावर आली होती आणि ते एक एकर विहिरीकडचं होतं.

मी डॉक्टर नाही, वैद्य नाही, हकीमही नाही. कविता लिहितो, आणि कवितेनं कुणाची कंबर बरी झाल्याचं ऐकिवात नाही. पण कंबरदुखी आमच्या घरात एकदा येऊन गेली होती आणि जाताना घराचं बरंच काही घेऊन गेली होती. म्हणून मामांना म्हणालो, "सही करण्याआधी आणखी एका डॉक्टरला दाखवा." आणि घरी आल्यावर माणसानं आजवर आपल्या कंबरेचं काय काय केलं, ते वाचायला घेतलं. सुरी न लावता काय काय केलं, ते विशेष करून. त्यातलंच थोडं आज सांगतो.

सुरुवात घरापासूनच करतो. माझी फुपी पायाळू होती, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते. पायाळू माणसावर वीज पडते अशी समजूत असल्यानं पावसाचं वातावरण झालं की तिला कुणी अंगणात जाऊ देत नसे. पण कुणाच्या पाठीत उसण भरली की सकाळी सकाळी माणसं आमच्या दारात हजर. मराठा, वंजारी, बौद्ध, मुसलमान, सगळे. उंबऱ्याजवळ पालथं निजायचं आणि फुपीनं डाव्या पायानं तीन वेळा पाठीला स्पर्श करायचा. पैसे घ्यायचे नाहीत, हा नियम. तीन-चार दिवसांत माणूस बरा व्हायचा आणि फुपीचं नाव व्हायचं.

ही समजूत फक्त आपल्याकडचीच, असं मी अनेक वर्षं धरून चाललो होतो. पण वॉल्टर ग्रेगर नावाच्या पाद्रीबुवांनी स्कॉटलंडच्या ईशान्य भागातल्या लोकसमजुतींचं एक पुस्तक १८८१ साली छापलं, त्यात चक्क माझी फुपी सापडली. पायांकडून जन्मलेल्या माणसाच्या अंगी लचक आणि कंबरदुखी बरी करण्याची ताकद असते, त्यानं दुखरा भाग चोळावा किंवा तुडवावा, आणि खरा गुण त्याच्या पायांतच असतो, असं तिकडचे कोळी-शेतकरीही मानत होते. कुठं स्कॉटलंड आणि कुठं सेलू! दोन्हीकडे गुण का येत होता, याचं उत्तर आज देता येतं. अचानक भरलेली उसण बहुतेकांची काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप ओसरते. फुपीचा पाय लागो वा न लागो. पण मला फुपीची बाजू थोडी मांडू द्या. ती कुणाला निजून राहा म्हणत नव्हती. पाय लावून झाला की म्हणायची, "उठ आता, काही होत नाही." हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. ते पुढं पुन्हा लागणार आहे.

फुपीच्या पायानं भागलं नाही की पुढची पायरी कडक होती. बिब्ब्याचा चटका. तापलेल्या सळईचा डाग. वैदूची तुंबडी. ‘तुंबड्या भरणं’ हा वाक्प्रचार आपण आता पैसे लुबाडण्यासाठी वापरतो, त्यामागं हीच रक्त ओढणारी तुंबडी आहे. युनानी वैद्यकात तिला ‘हिजामा’ म्हणतात. आपला मराठवाडा १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथे युनानीला राजाश्रय होता. त्यामुळे ‘इर्कुन्निसा’ हा शब्द आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी सहज असायचा. कंबरेपासून पायात उतरणारी कळ, म्हणजे आजची सायटिका. हकीम तुंबडी लावत, दलक म्हणजे मालिश करायला सांगत, गरम तेलाचा शेक देत आणि रियाझत, म्हणजे व्यायामही सांगत. १०३७ साली वारलेल्या इब्न सिनानं शरीर निरोगी राखण्याच्या उपायांमध्ये व्यायामाला पहिला मान दिला होता.

आयुर्वेदानं याच कळेला ‘गृध्रसी’ म्हटलं. गृध्र म्हणजे गिधाड. या दुखण्यानं माणूस गिधाडासारखा एका अंगाला झुकून, पाय ओढत चालतो, म्हणून हे नाव, असं सांगतात. इथे एक आडवाट घेतो. कंबरेच्या दुखण्यावर आज आपण दुकानातून मागून घेतो त्या गोळ्यांत आणि इंजेक्शनांत डायक्लोफिनॅक हे औषध फार चालतं. तेच औषध जनावरांनाही दिलं जाई. असं जनावर मेलं आणि ते गिधाडानं खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होई. हे कारण २००४ साली सिद्ध झालं, २००६ साली भारतानं जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. तोवर देशातली बहुसंख्य गिधाडं संपली होती. लहानपणी गावाबाहेर मेलेल्या बैलाभोवती मी त्यांचा अख्खा बाजार भरलेला पाहिला आहे. आता ज्या पक्ष्यावरून दुखण्याला नाव पडलं तो पक्षी दाखवायला मुलांना चित्र काढावं लागतं. माणसाच्या मूत्रपिंडालाही या गोळ्या वर्षानुवर्षं, कुणाला न विचारता खाल्ल्या तर त्रास होतोच.

आता अब्बांकडे येतो. अब्बा सेलूच्या मोंढ्यात हमाल होते. तेव्हा पोतं शंभर किलोचं असायचं. पाठीवर पोतं, त्यावर आकडा रुतवलेला हात, आणि फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. हे दिवसातून किती वेळा, याचा हिशोब टोळीच्या मुकादमाकडं असायचा. १९८६ साली, कापसाच्या हंगामाच्या ऐन तोंडावर, पोतं उचलताना त्यांच्या कंबरेत कळ आली. पायात काही नव्हतं, मुंग्या नव्हत्या, कळ कंबरेतच. फुपीचा पाय लागला, बिब्बा झाला. मग एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, सहा आठवडे सक्त विश्रांती, खाटेवरून उठायचं नाही, आणि ट्रॅक्शन. घरीच करा म्हणाले. आम्ही बाजेच्या पायथ्याशी लाकडाची गिरकी ठोकली, तिच्यावरून दोरी सोडली आणि दोरीला दोन विटा बांधल्या. त्या विटा खाली लोंबकळताना अजून डोळ्यांपुढे दिसतात. अब्बा सहा आठवडे निजूनच, इशाऱ्यानं नमाज पढले. आजाऱ्याला तशी मुभा आहे. तरी पहाटे अजान झाली की त्यांचा चेहरा भिंतीकडे वळायचा.

सहा आठवड्यांनी ते उठले तेव्हा मांड्या वाळल्या होत्या. चालताना भिंत धरत होते. मोंढ्यातल्या टोळीत जागा रिकामी राहत नाही. त्यांच्या जागी दुसरा गडी लागला होता. पुढं त्यांनी जिनिंगवर रात्रीची राखण केली. पोतं पुन्हा कधी उचललं नाही, आणि कंबरही कधी पूर्ण बरी झाली नाही. शरीरापेक्षा मनानं ती जास्त धरली होती. जमिनीवर पडलेली काडेपेटी उचलायलाही ते वाकत नसत. "वाकलो तर पुन्हा जाईल," म्हणायचे.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांची पुस्तकंच तसं सांगत होती. विश्रांती हे दुखण्यावरचं मोठं औषध, हा विचार युरोपातल्या शल्यवैद्यांनी एकोणिसाव्या शतकात पक्का केला. जॉन हिल्टन या इंग्रज सर्जनची विश्रांती आणि वेदना या विषयावरची व्याख्यानं १८६३ साली पुस्तकरूपानं आली आणि पुढं कैक पिढ्या वाचली गेली. मोडलेलं हाड स्थिर ठेवावं लागतं हे खरंच आहे. पण तोच नियम न मोडलेल्या कंबरेलाही लागू झाला. ओढून ताणण्याची कल्पना तर त्याहून पुरातन. हिप्पोक्रॅटिसच्या काळातल्या ग्रीक वैद्यांकडे माणसाला फळीवर बांधून दोन्हीकडून ओढण्याची यंत्रं होती. आमच्या दोन विटांचं घराणं असं अडीच हजार वर्षांचं निघालं.

१९३४ साली अमेरिकेतल्या बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी दाखवून दिलं, की दोन मणक्यांमधली गादी फाटून बाहेर आली की ती नस दाबते, आणि ती काढली तर रुग्णाला आराम पडू शकतो. हा शोध खरा होता, मोलाचा होता. पण त्यानंतर प्रत्येक कंबरदुखीत लोक गादी शोधू लागले. गादी सापडली तर शस्त्रक्रिया, नाही सापडली तर खाट.

आणि आता ती तारीख. १९८६ सालच्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे अब्बा खाटेवर होते त्याच हंगामात, अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात रिचर्ड डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध छापून आला. टेक्सासमधल्या २०३ कंबरदुखीच्या रुग्णांची त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्या तशी दोन गटांत वाटणी केली. एका गटाला दोन दिवस विश्रांती सांगितली, दुसऱ्याला सात दिवस. दुखणं बरं होण्यात फरक पडला नाही. पडला तो एवढाच, की दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी झाले. पुढं १९९५ साली फिनलंडमध्ये, हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांवर आणखी एक प्रयोग झाला. काहींना दोन दिवस निजवलं, काहींना खास व्यायाम दिले आणि काहींना सांगितलं, सोसवेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवा. हे तिसरे सगळ्यांत आधी बरे झाले. फुपीचं वाक्य आठवा.

हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ दिवा न मालवता बसलो होतो. सात दिवस जास्त होतात असं तिकडं मोजून ठरत होतं, आणि इकडं बेचाळीस दिवस चालू होते.

आपल्याकडं कुणी वेगळा विचार करत नव्हतं, असं मात्र नाही. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केलं आणि आसनं करताना शरीरात काय घडतं ते क्ष-किरणांखाली तपासायला सुरुवात केली. चमत्कार म्हणून नव्हे, मोजमाप म्हणून. मुंबईत पोलिओनं मुलं लुळी पडू लागली, तेव्हा १९५३ साली केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली आणि १९५५ साली हाजीअलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आली. पोलिओसाठी शिकलेले हात पुढं कंबरांनाही उपयोगी पडले. आमच्या बाजूला मात्र फिजिओथेरपी हा शब्द माझ्या कानावर आला तो नव्वद सालानंतर.

पुण्यात बी. के. एस. अय्यंगार होते. १९३७ साली, अठरा-एकोणीस वर्षांचा हा मुलगा कर्नाटकातून पुण्याला योग शिकवायला आला आणि इथलाच झाला. ज्यांचं अंग वाकत नाही त्यांनी काय करायचं, हा त्यांचा ध्यास. त्यातून भिंतीला टांगलेले दोर, पट्टे, घडीच्या खुर्च्या आणि लाकडी विटा त्यांच्या योगशाळेत आल्या. होय, विटाच. पण हाताखाली घ्यायच्या, पायाला टांगायच्या नव्हेत. १९७९ साली तीन महिन्यांत दोनदा स्कूटरचे अपघात होऊन त्यांच्याच खांद्याला आणि मणक्याला मार बसला. साठी ओलांडलेला तो माणूस खाटेला चिकटला नाही. स्वतःच्या शाळेतला पहिलीचा विद्यार्थी होऊन त्यानं पुन्हा सोप्या आसनांपासून सुरुवात केली आणि बऱ्याच वर्षांत हरवलेलं परत मिळवलं. त्यांच्या पद्धतीचा जुन्या कंबरदुखीवर किती उपयोग होतो, याची अमेरिकेत रीतसर तपासणी झाली. २००५ साली ६० रुग्णांवर आणि २००९ साली ९० रुग्णांवर. दोन्ही वेळा दुखणं आणि त्यामुळे आलेली अडचण कमी झाली. योगासनं शिकवणारा प्रत्येक जण अय्यंगार नसतो, हे जाता जाता सांगून ठेवतो. टीव्हीवर बघून पाठ मोडून घेतलेली दोन माणसं माझ्या ओळखीची आहेत.

कधी शोध अपघातानंही लागतो. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टच्या दवाखान्यात एक कंबरदुखीचा रुग्ण आला. त्याला पालथं निजायला सांगून मॅकेन्झी दुसऱ्या कामात गुंतले. टेबलाचं एक टोक आधीच्या रुग्णासाठी उंच केलेलं होतं. हा गृहस्थ त्यावर तसाच, पाठ उलटी कमानीसारखी वाकवून निजला. थोड्या वेळानं मॅकेन्झी घाईघाईनं आले, तर तो म्हणाला, कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं! त्यातून व्यायामाची एक अख्खी पद्धत उभी राहिली. आज कुठल्याही फिजिओथेरपिस्टकडं गेलात आणि त्यानं पालथं निजवून छाती वर उचलायला लावली, तर त्या बिघडलेल्या टेबलाचे आभार माना.

आता ज्यासाठी हे सगळं सांगतो आहे त्या गोष्टीकडे येतो. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची कंबर जगप्रसिद्ध होती. १९४४ ते १९५७ या काळात त्यांच्या पाठीवर चार शस्त्रक्रिया झाल्या. दुखणं गेलं नाही. १९५५पासून जॅनेट ट्रॅव्हेल नावाच्या डॉक्टरीणबाई त्यांच्यावर उपचार करू लागल्या. स्नायूंतल्या दुखऱ्या गाठी बोटांनी शोधायच्या, तिथं इंजेक्शन द्यायचं, एका पायातल्या बुटाची टाच उंच करायची, झुलत्या खुर्चीत बसवायचं, असे त्यांचे उपाय. पुढं १९६१मध्ये हान्स क्राउस या गिर्यारोहक डॉक्टरांनी केनेडींना नियमित व्यायामाला लावलं.

याच ट्रॅव्हेलबाई १९६९ साली कॅलिफोर्नियात एका शेतमजुरांच्या पुढाऱ्याच्या खाटेपाशी पोचल्या. सीझर चावेझ. त्यांची कंबर इतकी गेली होती, की ते महिनोन्‌महिने अंथरुणात होते. बाईंनी त्यांना तपासलं, उपचार केले, ते उठले, पुन्हा कामाला लागले. पण चावेझना एक गोष्ट ठाऊक होती, जी केनेडींना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तरुणपणी ते आखूड दांड्याच्या कुदळीनं शेतात राबले होते. तिकडं मजूर तिला ‘एल कोर्तितो’, म्हणजे आखूडबाई म्हणत. दांडा जेमतेम दीड-दोन फुटांचा. लेट्यूसची आणि बीटाची विरळणी करताना मजुराला दिवसभर कंबरेत दुमडून चालावं लागे. मालकांचं म्हणणं, लांब दांड्यानं पीक दुखावतं. मजुरांचं म्हणणं, आखूड दांड्याचा खरा फायदा वेगळाच आहे. लांबून बघितलं तरी कोण वाकलंय आणि कोण उभं राहिलंय, ते मुकादमाला कळतं. डॉक्टरांच्या साक्षी झाल्या, १९७५ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं मजुरांची बाजू उचलून धरली आणि त्याच वर्षी ती कुदळ बंद झाली. पीक काही बुडालं नाही.

कंबरदुखीवरच्या बिनशस्त्रक्रियेच्या उपचारांत मी या कुदळबंदीला फार वरची जागा देतो. ती कुठल्याच डॉक्टरच्या चिठ्ठीवर लिहून मिळत नाही, एवढंच.

माझी अम्मी आयुष्यभर लोकांच्या रानात खुरपायला जात होती. तिची कंबर दुखत नव्हती असं थोडंच आहे! पण तिच्या दुखण्याला कुणी दुखणं म्हटलं नाही आणि तिला कुणी सहा आठवडे निजवलं नाही. अब्बा खाटेवर होते तेव्हा घर तिच्या खुरप्यावर चाललं. आपल्याकडं खुरपणारी बाई वाकण्याऐवजी उकिडवी बसते, पुढं सरकते, पुन्हा बसते. गुडघे आणि कंबर दोन्ही त्यात भरडतात. उभ्यानं ढकलायचं सायकल-कोळपं आलं, परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतकरी बायांचे काबाडकष्ट कमी करणाऱ्या अवजारांवर काम होत आलं आहे. तरी पावसाळ्यात कुठल्याही रस्त्यानं जा, रानात ओळीनं बसलेल्या बायाच दिसतात. आणि हमालांचं म्हणाल, तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ सालीच शिफारस केली होती की एका माणसानं ५५ किलोंपेक्षा जास्त ओझं उचलू नये. महाराष्ट्रात माथाडी कायदा १९६९ सालचा. अब्बांच्या पाठीवर १९८६ साली शंभर किलो होते.

पुन्हा मामांच्या पिशवीकडे वळू. ‘बल्ज’ या शब्दानं मला फार दिवस छळलं होतं. १९९४ साली अमेरिकेत एक साधा पण धाडसी प्रयोग झाला. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ९८ माणसांचे एमआरआय काढले. फक्त ३६ टक्के लोकांच्या सगळ्या गाद्या जागेवर निघाल्या! निम्म्याहून जास्त लोकांच्या कुठल्या ना कुठल्या गादीला फुगवटा होता आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. चेहऱ्यावर सुरकुत्या पडतात तशा मणक्यालाही पडतात. म्हणून फिल्मवर काही दिसलं की तेच दुखण्याचं कारण, असं म्हणता येत नाही. फिल्म आणि समोरचा माणूस यांचा मेळ बसावा लागतो. खरोखर गादी सरकून पायात कळ आलेल्यांतही, नॉर्वेच्या वेबर यांनी १९८३ साली दहा वर्षांचा पाठपुरावा छापला. पहिल्या वर्षी शस्त्रक्रिया झालेले जास्त बरे होते, चार वर्षांनी फरक नगण्य उरला, दहा वर्षांनी उरलाच नाही.

डिसेंबर २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जुन्या, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या कंबरदुखीवर बिनशस्त्रक्रियेच्या उपचारांची पहिली मार्गदर्शिका काढली. २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि जुन्या कंबरदुखीत दहांतल्या नऊ जणांच्या बाबतीत बोट ठेवून दाखवावं असं एक कारण सापडत नाही. मार्गदर्शिकेनं काय करा म्हटलं? दुखणं समजावून सांगा, व्यायाम द्या, मालिश आणि मणक्याचे हातांनी केलेले उपचार चालतील, मनातली भीती आणि निराशा हाताळा, गरजेपुरत्या सुजेवरच्या गोळ्या द्या. आणि काय नेहमीचा उपचार म्हणून करू नका म्हटलं? पट्टा. ट्रॅक्शन. अल्ट्रासाउंडचा शेक. झिणझिण्या आणणारं विजेचं यंत्र. अफूच्या जातीची वेदनाशामकं. म्हणजे मामांचा पट्टा आणि अब्बांच्या विटा एकाच यादीत आल्या. फुपीचा पाय यादीत नाही, हे मान्य. पण ‘उठ आता, काही होत नाही’ आहे. २०२४ साली ऑस्ट्रेलियातून ७०१ जणांवरचा अभ्यास आला. कंबरदुखीतून उठलेल्यांना हळूहळू वाढवत नेत आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास चालायला लावलं. न चालणाऱ्यांचं दुखणं साधारण ११२ दिवसांत परतलं, चालणाऱ्यांचं २०८ दिवसांत. चालायला पैसे पडत नाहीत, म्हणून त्याची जाहिरातही होत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर माझ्या बोलण्यानं कुणाचं नुकसान व्हायचं. लघवी किंवा संडासवरचा ताबा सुटला, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पायातली ताकद कमी होऊन चप्पल निसटू लागली, तर वाट न बघता त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. तिथं शस्त्रक्रिया लागू शकते, आणि वेळेवर झाली तर ती पाय वाचवते. ताप, घटणारं वजन, रात्रभर न थांबणारं दुखणं, पडल्यावर सुरू झालेली कळ, पूर्वी झालेला कर्करोग, यांचीही तपासणी झालीच पाहिजे. आपल्याकडं मणक्याचा क्षयरोग अजून होतो, आणि तो चालण्यानं नव्हे, औषधांनी बरा होतो.

मामांना दुसऱ्या डॉक्टर भेटल्या त्या सरकारी दवाखान्यात. त्यांनी फिल्म बाजूला ठेवली आणि आधी मामांना उताणं निजवून एकेक पाय सरळ वर उचलून बघितला, टाचांवर आणि चवड्यांवर चालवलं, लघवीचं विचारलं, टाचणीनं पाय टोचून बघितले. हे सगळं मामांनी मला नंतर तपशीलवार सांगितलं, कारण आधी कुणी त्यांना हातच लावला नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत्ता शस्त्रक्रियेची गरज दिसत नाही. चार व्यायाम शिकून घ्या आणि रोज चाला, दुखलं म्हणून घाबरू नका. तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा.

दिवाळीनंतर फाट्यावर ते पुन्हा दिसले. एसटीतून उतरले नव्हते, गावाकडून चालत आले होते. पट्टा नव्हता. "हाय की," म्हणाले, "कडब्याची पेंढी बांधायला लई मजबूत हाय." दुखणं साफ गेलं नव्हतं, सकाळी ताठरपणा असतो, खताचं पोतं पोरगा उचलतो. पण विहिरीकडच्या एकरात हरभरा पेरला होता. चहा घेता घेता मी त्यांना अब्बांची गोष्ट सांगितली, बाजेची, दोन विटांची. ते बराच वेळ बशीकडे बघत राहिले.

"मंग तुमच्या अब्बांला चाला म्हून कुनीच सांगितलं न्हाई का, भाई?"

"छापून आलं होतं, मामा. त्याच वर्षी. अमेरिकेत."

"लई लांब हाय म्हना ती," मामा म्हणाले. मग त्यांनी कपबशी खाली ठेवली, धोतराचा सोगा खोचला आणि ज्या रस्त्यानं आले होते त्याच रस्त्यानं निघाले.